निरंक

विद्यापीठाचा फॉर्म आलाय, सात पानी.
रकाना अकरा: अध्यापनाचे विषय.
रकाना बारा: संशोधनाची क्षेत्रे,
पन्नास शब्दांत, टंकलिखित.

वेंगुर्ल्यात तत्त्वज्ञान शिकवणारी मी एकटीच.
विभागप्रमुख मी, विभागही मीच,
खोलीची किल्ली सुतळीने माझ्याच पर्सला बांधलेली.
तिसऱ्या वर्षाला यंदा चार मुलं.
त्यातला एक नावापुरता;
तो सकाळी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो,
दिसले नाहीत तर अर्धे पैसे परत.
(न दिसणं म्हणजे नसणं का,
हा प्रश्न त्याने व्यवहारापुरता सोडवलाय.)

अकरामध्ये लिहिलं:
तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय ज्ञानमीमांसा.
लिहिलं नाही
की ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून आग आहे’
हे मी बावीस वर्षं एकाच फळ्यावर लिहितेय
आणि पर्वत दरवर्षी थोडा बुटका होतो.
की गेल्या मंगळवारी हेमांगी गिरप उठून म्हणाली,
‘मॅडम, धूर नाय म्हणजे आग नाय, असा कसा?
काजूच्या फॅक्टरीचो धुराडो आयतवारी गप असता,
पण भट्टीक हात लावन बघा.’
पुस्तकात त्या जागी तापलेला लोखंडाचा गोळा असतो.
मी गोळा पुसला. भट्टी लिहिली.
तास संपेपर्यंत बोटांना सालीचं तेल लागल्यासारखं वाटत राहिलं.

बारा अवघड आहे.
माझ्याबरोबर शिकलेला डेरिक
आता यंत्रांच्या नीतीवर बोलायला देशोदेशी जातो,
विमानतळावरून फोन करतो, घाईत.
रत्नागिरीची नूरजहाँ मुकादम
स्वप्नात कळलेलं खरं मानावं का, यावर लिहिते
आणि स्वतःला झोप येत नाही म्हणते.
मी अडकले अभावात.
जमिनीवर घडा नाही,
हे दिसतं,
की घडा दिसत नाही म्हणून कळतं?
एवढंच. अकरा वर्षं.
दोन निबंध. एक साभार परत,
समासात शेरा: ‘उदाहरण कालबाह्य. घडा आता कोण वापरतं?’

तो शेरा डोक्यात घेऊन मी नवाबागला गेले होते,
उगाच, चालायला.
रापण ओढत होते. दोन दोर, दोन्हीकडे माणसं,
टाचा वाळूत रुतवून मागे मागे येणारी,
त्यांत हेमांगी, कॉलेजचा ड्रेस खोचून.
तासाभराने जाळं काठाला लागलं:
मूठभर पेडवे, एक डाव्या पायाची चप्पल.
कोणी काही बोललं नाही.
सगळे वाकून बघत होते,
आणि ते जे बघत होते
ते, शप्पथ सांगते, मलाही दिसलं.
अनुमान वगैरे करायला वेळच नव्हता.

हेमांगी तळवे फ्रॉकला पुसत म्हणाली,
‘रिकामी रापण भरलेल्यापेक्षा जड लागता.’
का गं?
‘माका काय इचारतास? मॅडम तुमी.’

घरी येऊन बारामध्ये एकच शब्द टाइप केला: अभाव.
उरलेले एकोणपन्नास सोडून दिले.

आज ऑफिसातून तुळसकरांचा फोन.
‘मॅडम, संशोधनासमोर तुम्ही अभाव लिहिलंय.
मग तिथे निरंक धरू ना?’

खिडकीबाहेर दीपगृह, दिवसा,
म्हणजे नुसतंच उभं.
म्हटलं, धरा तुळसकर.
पण दोन्ही हातांनी धरा.

पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज.
मग ते म्हणाले,
‘आणि पान सातवर
सही दिसत नाहीये तुमची.’